ज्वारीच्या दाण्याएवढी जागा

वैशाख लागला की आमच्या तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत दोन आवाज एकदम ऐकू येतात. आत तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुलांचे अडखळते आवाज आणि बाहेर रस्त्यावरून जाणारा वरातीचा बँड. बँड जवळ आला की मुलगा उत्तर विसरतो आणि खिडकीकडे पाहतो. मीही पाहतो. नगरच्या उन्हात पत्र्याचं छप्पर तडतडत असतं, लेथवरच्या तेलाला कढत वास सुटलेला असतो आणि रस्त्यावर कुणाचा तरी मामा फेट्याचं टोक दातात धरून नाचत असतो.

यंदा अशाच एका दुपारी मी एका मुलाला विचारलं, "दोन हलणाऱ्या भागांच्या मध्ये थोडी जागा का सोडतात?" तो छताकडे बघू लागला. तेवढ्यात भाचीचा, पल्लवीचा फोन आला, म्हणून त्याला विचार करायला सोडून मी बाहेर आलो.

"मामा, तुमच्या गावात ती जुनी दुधी रंगाची गाडी होती ना? आईच्या लग्नाच्या फोटोत आहे बघा. चालते का अजून?"

"का गं?"

"परण्याला मला तीच पाहिजे. सनरूफवाल्या गाड्या काय, सगळ्यांच्याच लग्नात असतात. आईला विचारलं तर म्हणाली, त्या गाडीचं नाव माझ्या दारात काढायचं नाही. असं काय केलंय हो त्या गाडीनं?"

मी म्हणालो, "बघतो." आत आलो तर मुलगा अजून छताकडेच बघत होता. मी त्याला पास केलं. त्या प्रश्नाचं उत्तर मला कसं मिळालं होतं ते आठवलं, आणि त्याच्याकडून ते मागण्याचा मला त्या दिवशी अधिकार वाटेना.

आमचं गाव मिरजगावच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत. लग्नाच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत गावच्या मारुतीच्या दर्शनाला न्यायचं, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. गाडी द्यायची ती नवरीकडच्यांनी. आणि आमच्या गावात नवरीकडच्यांची गाडी म्हणजे रशीदचाचांची 'दुधी'. बोनेट गोल, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट बाकासारखी सलग. चाचा पूर्वी नगरला एका डॉक्टरांची गाडी चालवायचे. डॉक्टरांनी नवी घेतली आणि जुनी यांना दिली. लग्नसराईत ती नवरदेव वाहायची, बाकीच्या वर्षात आजारी माणसं आणि बाळंतिणी. गावातली निम्मी पोरं जन्माला येण्याआधी एकदा तिच्यात बसलेली होती, असं चाचा सांगायचे, आणि लग्नाच्या वयाला आलेला एखादा आढ्यतेखोर गडी भेटला की म्हणायचे, "बस बस. तुला ही गाडी ओळखती."

मीही त्या गाडीतून एकदा फार महत्त्वाचा प्रवास केला आहे. प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. उत्पन्नाचा दाखला कर्जतहून हातात पडेपर्यंत दुपार झाली आणि नगरची एसटी निघून गेली होती. वडील दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर कामाला होते. ते तसेच, भुवया पिठानं पांढऱ्या झालेले, चाचांच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत चाचांनी पायात चपला सरकवल्या. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. प्रवेश म्हणजे नेमकं काय असतं, कुठल्या खिडकीत जायचं, कुणालाच माहीत नव्हतं. चाचांना एवढंच कळलं होतं की पाच वाजता कसलं तरी दार बंद होतं.

त्या रस्त्यावर मला दुधीचा आजार समजला. पुढच्या टेम्पोला मागं टाकायला चाचा ॲक्सिलरेटर दाबायचे. पॅडल दोन बोटं खाली जायचं आणि इंजिनाला पत्ताच नसायचा. मग एकदम जाग आल्यासारखी गाडी उसळायची.

"आधी बाईसाहेब विचार करत्यात," चाचा म्हणाले. "सळ्या झिजल्यात आतल्या. प्ले लई वाढलाय. सीझन संपला की बघू."

पाचला दहा मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. खिडकीशी रांगेत उभं राहून मी मागे वळून पाहिलं तर चाचा दाराला पाठ लावून उभे होते, ते कुणी बंद करू नये म्हणून. मी आज ज्या खुर्चीत बसून मुलांची परीक्षा घेतो, तिच्याकडे जाणारा रस्ता त्या दाराच्या फटीतून गेलेला आहे.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला आलो, ती लग्नसराई माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या लग्नाची होती.

तो वैशाख मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतो. रांजणाभोवती गुंडाळलेली ओली पोती. अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर टांगलेला काळा कपडा, कावळ्यांना भिववायला. लापशीच्या चुलाण्यासाठी खणलेल्या चरीतली ताजी माती. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात. आईनं सुपात ज्वारी घेतली, कुंकवाचं पाणी शिंपडलं आणि हातानं घोळली. ती रंगलेली ज्वारी पाहून आक्का उगीच रडायला लागली. आई म्हणाली, "आत्ताच रडून घे. फोटोत डोळे सुजल्याले दिसायला नकोत."

मला त्या घरासाठी काहीतरी करायचं होतं. मांडवाचे खांब रोवायला माझ्यापेक्षा ताकदवान लोक होते, पंगती वाढायला माझ्यापेक्षा चलाख. मी तो शिकणारा पोरगा, सगळे मला सावलीत बसवत होते. मग डोक्यात आलं की दुधीचा प्ले, म्हणजे सळ्यांतली ती रिकामी हालचाल, मी काढीन. आक्काच्या नवरदेवाला गाडी चांगली मिळेल आणि चाचांनी केलेल्याची थोडी परतफेडही होईल. गाडीखाली डोकावून मी आधीच पाहिलं होतं. पॅडलची सळी येते, पत्र्यावर बसवलेल्या कोनासारख्या एका तुकड्याला ढकलते, आणि त्या कोनापासून दुसरी सळी इंजिनावरच्या कार्बोरेटरला जाते. कोनाची पिन झिजून बारीक झाली होती, पिनेचं भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं, आणि कुणीतरी त्यावर सायकलच्या तारेची गुंडाळी मारून ठेवली होती. मिरजगावच्या लेथवाल्याकडून मी नवी पिन आणि तिच्याभोवती बसणारं कडं, बुश, करून आणलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी चाचा गाडी आमच्या अंगणात सजवायला लावून गेले आणि स्वतः पाण्याच्या टँकरच्या मागं लागले. किल्ली गाडीलाच होती. पण मला गाडी चालवता येत नव्हती. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष झालं होतं आणि मी आयुष्यात कधी स्टिअरिंगवर बसलो नव्हतो. आमच्या वर्गात असे बरेच होतो.

झेंडूच्या माळा बोनेटवर चढत होत्या आणि मी खाली. दोन तासांत बुश बसलं, पिन बसली. मग सळीचा नट आवळत आवळत मी तिचं टोक कोनाला अगदी टेकवलं. मोकळी जागा शून्य. पॅडलला बोट लावलं की तिकडे कार्बोरेटरची पट्टी हलायची. मी ते दहा वेळा करून पाहिलं. वहीतल्या आकृतीसारखं झालं होतं. बाहेर आलो तर आई कपाळाला हात लावून उभी.

"नवरीचा भाऊ ना तू? का कोळशाच्या वखारीवर कामाला लागलास?"

चाचांना मी काही सांगितलं नाही. लग्न उरकलं की सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं. संध्याकाळी ते गाडी घेऊन शाळेकडे निघाले, तिथं वऱ्हाड उतरलं होतं. थोडं अंतर जाऊन त्यांनी खिडकीतून मान काढली. "आज लई हलकी लागती रं पायाला!" मी नुसता हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

शाळेपासून मारुतीचं देऊळ चार-पाचशे पावलांवर. पुढे बँड, मग नाचणारे, मग गाडी. गाडीत मागे नवरदेव आणि त्याच्या शेजारी पाण्यानं भरलेला कऱ्हा घेऊन करवली. परण्यात गाडी माणसाच्या चालीनं, किंवा त्याहूनही हळू चालवायची असते. पहिल्या पन्नास पावलांत गाडीनं एक हिसका दिला. मग दुसरा. मग ती बेडकासारखी उड्या मारायला लागली. हिसक्यानं चाचांचा पाय दाबला जाई, त्यानं गाडी पुढे झेपावे, ब्रेक लागला की पुन्हा हिसका. करवलीच्या हातातला कऱ्हा नवरदेवाच्या मांडीवर पालथा झाला. पुढच्या उडीत बंपर ढोलवाल्याच्या ढोलाला जाऊन भिडला, ढोल फाटला आणि तो बिचारा गुडघ्यांवर बसला.

चाचांनी इंजिन बंद केलं. बँड थांबला.

नवरदेवाचे एक मामा होते, घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करायचे. सगळे त्यांना दलालमामाच म्हणत. ते सगळ्यात पुढे नाचत होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बाजारात बैलाभोवती मारतात तशी.

"नवरदेवाला आंघोळ घालायची हुती तर घरी घालायची की हो! असलं जनावर आमच्या बाजारात फुकट दिलं तरी कुणी दावणीला बांधत न्हाई."

हशा झाला. माझे वडील हात जोडून पुढे आले. चाचा अजून गाडीतच होते. त्यांनी खाली पाहिलं, बंद गाडीचं पॅडल पायानं एकदा हलकेच दाबलं. मग मान वर करून गर्दीत मला शोधलं. त्यांना कळलं होतं. त्यांना कळलंय हे मला कळलं. मग ते खाली उतरले.

"बॅटरी गेली. चूक माझी हाय. ढकला, पोरं हो."

"बॅटरी गेली की गाडी बसती," दलालमामा म्हणाले. "उड्या न्हाई मारत."

"म्हातारी झालीय हो मामा. मरताना मारती चार."

पुन्हा हशा झाला, या वेळी थोडा मऊ. गावची पोरं गाडीला भिडली. मीही भिडलो. ढकलत ढकलत आम्ही नवरदेव मारुतीपर्यंत नेला, एकही हिसका बसला नाही. मागच्या काचेतून त्याचा ओला फेटा दिसत होता. मी मान खाली घालून ढकलत राहिलो.

लग्न लागलं. आक्का सासरी गेली, घोडेगावजवळच्या त्यांच्या गावाला. तिच्यामागोमाग एक नाव गेलं. दलालमामांनी तिला 'ढकलगाडी' म्हणायला सुरुवात केली आणि मग ते सगळ्या भावकीत रुळलं. ढकलगाडीनं भाकरी केल्या का, ढकलगाडीला माहेराहून न्यायला कोण येणार, ढकलत नेणार का. माणसं वाईट नव्हती. एकदा सापडलेला विनोद त्यांना सोडवत नव्हता, एवढंच. पण रोज सकाळी उठून आपल्या वडिलांच्या दारातली फजिती ऐकायची, हे तिलाच माहीत. नाव ठेवणाऱ्यांवर तिला रागावता येत नव्हतं, म्हणून ती रशीदचाचांवर रागावली. "माझ्याच लग्नात त्यांना बॅटरी बघायला झालं नाही," असं ती म्हणायची. त्या सीझनला राहिलेल्या लग्नांना चाचांना कुणी बोलावलंही नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चाचांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. बोनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि म्हणाले, "हात ठेव हितं."

मी इंजिनावर हात ठेवला. ते थरथरत होतं. चाचांनी जरा रेस दिली तसं ते अख्खं एका अंगावर कललं आणि परत आलं.

"दिसलं? ते रबरावर बसल्यालं असतंय. हलतंय. तुझी एक सळी गाडीच्या अंगाला, दुसरी इंजिनाला. इंजिन कललं की तेच सळी ओढतंय, तेच सोताला रेस देतंय. माझा पाय नुसता निमित्त. तू माप कधी घेतलंस?"

"गाडी बंद असताना."

"तेच. झोपल्याल्या माणसाचं माप घेतलं तर सदरा बरोबरच बसतो."

मग त्यांनी शर्टाच्या खिशात बोटं घातली आणि ज्वारीचा एक दाणा काढला. गिरणीवर दळण घेऊन जाणाऱ्या माणसाच्या खिशात तेव्हा चार दाणे असायचेच. नट थोडा सैल करून त्यांनी तो दाणा सळीचं टोक आणि कोन यांच्या मध्ये धरला, इंजिन चालू असताना. इंजिन कललं, परत आलं. दाणा तिथंच होता, न फुटता. "पाय वर असला की दाणा मोकळा पायजे. पाय टेकला की धरला गेला पायजे. त्याच्यावर गेला तर प्ले जास्त, चढाला गाडी मरती. त्याच्याखाली गेला तर काल बघितलंस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी विचारलं, "चाचा, सगळ्यांना सांगू का? मीच केलं म्हणून?"

"आत्ता नको. सोयरीक नवी हाय. शिकणाऱ्या पोरानं बहिणीच्या लग्नात घोळ घातला म्हणतील, तुझ्या बापाची मान खाली जाईल. पुढं सांग कवातरी."

ते बोलले आणि बुश बघायला वाकले. "बुश मातर नामी बसवलंस," असंही म्हणाले.

पुढं कवातरी. त्यांनी मला दाण्याएवढी मुदत दिली होती. मी ती बावीस वर्षं ताणली.

का ताणली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पहिल्या वर्षी सोयरीक नवी होती. दुसऱ्या वर्षी मी पदवीला होतो. मग नोकरी लागली, आणि गावातली माणसं मुलांना माझं उदाहरण देऊ लागली. आपल्यात पहिला शिकलेला जो असतो, त्याच्यावर सगळ्यांनी फार विश्वास टाकलेला असतो. त्या विश्वासाला जपायच्या नावाखाली माणूस स्वतःलाच जपत राहतो. मला आज असं वाटतं. तेव्हा वाटलं असतं तर बरं झालं असतं.

एक प्रसंग मात्र मला कधीच सोडून गेला नाही. पल्लवी झाली तेव्हा आक्का बाळंतपणाला माहेरी आली होती. एके दिवशी चाचा खजुराचा पुडा घेऊन आले आणि ओट्यावर बसले. "लेकीची लेक बघायला आलो," म्हणाले. मी शेजारीच बसलो होतो. आक्का दारात आली. आत बाळ हुंकारत होतं, आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. आक्का म्हणाली, "झोपलीय ती."

"झोपू द्या, झोपू द्या," चाचा म्हणाले. खजुराचा पुडा उंबऱ्यावर ठेवला, थोडा वेळ उन्हाकडे बघत बसले आणि गेले. तेव्हा माझ्या तोंडून एक वाक्य निघायला हवं होतं. मी पुड्याचा दोरा सोडत बसलो.

भाचीच्या फोननंतरच्या रविवारी मी आक्काच्या घरी गेलो. तिच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि त्यांवर काळा कपडा टांगला होता, आमच्या आईनं टांगला होता तसाच. ती परातीत ज्वारी घेऊन कुंकवाच्या पाण्यानं घोळत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. पिन, बुश, शून्य जागा, सगळं. तिला त्यातलं यंत्राचं काही कळलं नसेल. शेवटी म्हणालो, "बॅटरी गेली नव्हती, आक्का. ते माझं काम होतं."

तिचे हात परातीत थांबले. कोपरापर्यंत लाल झालेले. खालून पल्लवीच्या हसण्याचा आवाज आला.

"मला ढकलगाडी म्हणाले त्याचं काही न्हाई, बापू," ती म्हणाली. "त्याची सवय झाली. आता भावकीत नव्या सुना आल्यात, त्या म्हणत न्हाईत. पण मी त्या माणसाला माझी पोर दाखवली न्हाई. जागी हुती ती. तू तिथंच बसला हुतास."

"हो."

"खजूर खाल्लास तू त्यातला."

"हो."

तिनं पुन्हा ज्वारी घोळायला घेतली, पहिल्यापेक्षा जोरात. काही दाणे परातीबाहेर उडाले. "गाडी आणायची," ती म्हणाली. "तू चालवायची, आता येती तुला. आणि परण्या निघायच्या आधी दलालमामांना तू सांगायचं, सगळ्यांच्या समोर. चाचांना आमंत्रण द्यायला तू जायचं न्हाईस. ते माझं काम हाय."

मी मान हलवली. उठताना ती म्हणाली, "जेवून जा." राग होता, पण जेवून जा होतं. आमच्या घरात यापेक्षा जास्त कुणी कुणाला कधी म्हटलेलं नाही.

काल मी गावी गेलो होतो. लग्न गुरुवारी आहे. दुधी पत्र्याच्या छपराखाली उभी होती, बोनेटवर कोंबड्यांच्या पायांचे ठसे. चाचा आता ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे गेलेत, एका डोळ्यानं अंधूक दिसतं. ते बाजेवर बसून होते, मी गाडीखाली. पॅडल अर्ध्यापर्यंत खाली जात होतं आणि इंजिनाला पत्ता नव्हता. माझंच बुश होतं ते. बावीस वर्षांत झिजून कागदासारखं पातळ झालेलं. काढून हातात घेतलं तेव्हा ओळखीचं कुणी भेटावं तसं झालं. पिनेवर पुन्हा सायकलची तार होती.

"तार कुणी मारली हो, चाचा?"

"कुणी म्हणजे? इंजिनेर नगरला. मग आमीच."

या वेळी मला घाई नव्हती. बुश बसवलं, पिन बसवली, ग्रीस भरलं. दुसऱ्या सळीच्या टोकाची वाटी झिजली होती, तीही बदलली. मग हात पुसले आणि इंजिन सुरू केलं. खोकत खोकत ते लागलं, कोंबड्या उडाल्या, आणि चाचांचा चेहरा आवाजाच्या दिशेला वळला.

"दाणा आणलास का?"

मी आणला नव्हता. इतकी वर्षं वर्गात मुलांना सांगतो, दोन भागांच्या मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी जागा, आणि खिशात दाणा नव्हता. चाचांनी आत हाक मारली, "जरा ज्वारी आण गं मूठभर. मालदांडी आण, हायब्रीड नको. त्याचा दाणा बारीक, नवरदेव पडंल."

चाची मूठ घेऊन आल्या, आणि त्यांच्या मागून अंगणात आणखी दोघी आल्या. आक्का आणि पल्लवी. आक्काच्या हातात पत्रिका होती. मी बोनेटमध्ये वाकलेला, तसाच थांबलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती सरळ बाजेपाशी गेली, पदर डोक्यावर घेतला आणि वाकून चाचांच्या पायांना हात लावला.

"कोण?" चाचांनी डोळे बारीक केले.

"मी. गिरणीवाल्याची थोरली." तिनं पल्लवीला हाताला धरून पुढे केलं. "चाचा, पोरगी दाखवायला आणलीय. तवा झोपली हुती ना. आता उठलीय."

इंजिन चालू होतं. चाचांनी हात पुढे केला आणि पल्लवीच्या डोक्यावर ठेवला, आणि तो तिथं बराच वेळ राहिला.

"लई झोपली," म्हणाले.

पल्लवी हसली. आक्काही हसली, पदरानं डोळे पुसत. पल्लवीला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण तिला गाडी दिसत होती आणि तिचं सगळं लक्ष तिकडे होतं. "चाचा, मी बसू आत?"

"बस की. तुला ही गाडी ओळखती. तुझी आई माहेराला आली ती हिच्यातच, तुला पोटात घेऊन." आक्कानं मान खाली घातली. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते आणि एसटी मिळाली नव्हती. रागावूनच बसली होती ती त्या गाडीत, सबंध वाटेत एक शब्द न बोलता. हेही मला आठवत होतं.

पल्लवी स्टिअरिंगवर बसली. चाचा बाजेवरून सांगत होते. "पाय वरच ठेव. इंजिनेर, घाल दाणा."

मी दाणा सळीच्या टोकाशी धरला. इंजिन कललं, परत आलं. दाणा मोकळा होता. "टेकव पाय, हळू," चाचा म्हणाले. पल्लवीनं पाय टेकवला, दाणा धरला गेला आणि त्याच क्षणी इंजिनाचा आवाज उंचावला, न अडखळता. "सोड." तिनं सोडलं आणि दाणा माझ्या तळहातावर पडला. अख्खा. ग्रीसनं थोडा काळा झालेला.

"न्हाई फुटला," मी म्हणालो.

चाचांनी हात पुढे केला. मी दाणा त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी तो अंधूक डोळ्याजवळ नेला, शर्टाला पुसला, आणि आक्काची मूठ उघडून तिच्या हातावर ठेवला.

"अक्षतांत टाक."